कोरड्या घरचा माणूस

शाळेच्या भिंतीमागच्या नळाखाली म्हाताऱ्या शिंप्याने आधी उजवा पाय धरला, मग डावा. पँट गुडघ्यापर्यंत चिंब झाली, तसा नळ बंद करून, इकडेतिकडे पाहून तो जेवणाच्या हॉलमध्ये शिरला. पूर आल्यापासून तो रोज असाच येत होता. खालची सगळी वस्ती बुडाली होती, गल्ल्यांत अजून गुडघाभर पाणी होतं आणि तिथून जेवायला येणारा प्रत्येक जण भिजूनच येई. शिंप्याचं घर वर चढावर. तिथे पायरीलासुद्धा पाणी लागलं नव्हतं.

घरात डबे भरलेले होते, गॅस होता. भुकेपोटी तो येतच नव्हता. बायको गेल्यापासून तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलायचा. एकट्यासाठी ताट घेऊन बसायचं त्याच्या जिवावर यायचं. पहिल्या दिवशी नुसतं बघायला म्हणून आला, तर एका बस ड्रायव्हरने त्याला आपल्या शेजारी ओढून बसवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कुठवर चढलं हो?" "खिडकीपर्यंत," शिंपी म्हणाला. आयुष्यात कधी थापा मारल्या नव्हत्या, पण ही तोंडातून निघून गेली. आणि एकदा खिडकीपर्यंत चढवलेलं पाणी माणसाने उतरवायचं तरी कसं?

मग रोज तोच बाक. ड्रायव्हर, त्याची बायको आणि तिची फटकळ आई. "चावून खा काका, इथे कुठली बस सुटत नाहीये," असं म्हातारीने म्हटलं की जावयासकट सगळा बाक हसायचा. शिंप्याला त्या हसण्यात बसायला फार आवडायचं. वाढताना तो अर्ध्यावरच हात आडवा धरायचा. कोणाच्या तोंडचा घास आपण काढत नाही, एवढीच मनाची समजूत.

आज मात्र शिध्याचा ट्रक आला नव्हता. वाढणारी बाई पातेल्यापाशी उभी राहून रांगेतल्या एकेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. अन्न कमी, तोंडं जास्त. ती तरी काय करणार. शिंप्याची पाळी आली. तिची नजर त्याच्या ओल्या गुडघ्यांवर टेकली आणि मग सावकाश वर सरकली.

"काका, पाण्यातून आलात?"

"हो. अजून उतरलं कुठे."

"आणि ही इस्त्री?"

शिंप्याने खाली पाहिलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत पट्टीने आखल्यासारखी घडी उभी होती. इस्त्रीवाचून तो जन्मात कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. आज सकाळीही हात आपोआप इस्त्रीकडे गेला होता. जित्याची खोड. रांगेतली माणसं कालपरवाचेच दमट कपडे अंगावर वाळवत होती आणि हा त्यांच्यात लग्नाला निघाल्यासारखा उभा होता.

मागची कुजबुज थांबली. आता ही बाई चारचौघांत आपली लाज काढणार, म्हणून शिंपी मान खाली घालून उभा राहिला. पण ती ओरडली नाही. डाव पातेल्यात ठेवून ती हळूच म्हणाली, "घर कोरडं आहे ना?"

त्याने मान हलवली.

"मग बाकावरची जागा त्या बुडालेल्या लोकांना राहू द्या. मी बांधून देते. घरी जाऊन निवांत जेवा."

"नको. घरात आहे सगळं."

"मग येता कशाला हो?"

तिने सरळ मनाने विचारलं होतं. उत्तरही होतं त्याच्यापाशी, पण ते रांगेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तिने पार्सलचा एक खोका उघडून डाव भरला.

"असू दे. आलात तर रिकाम्या हाताने नका जाऊ. घरात माणसं किती?"

"एक."

मागे भांड्यांचा खडखडाट चालला होता. "किती?"

"एकच. मी."

या वेळी आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. ड्रायव्हरच्या बाकावरची तोंडं वळली. खिडकीपर्यंत पाणी चढवताना त्याची जीभ अडखळली नव्हती, आणि ही साधी खरी गोष्ट मात्र दोनदा सांगावी लागली. बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि खोक्यात आणखी एक डाव ओतला. हात आडवा धरायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

दाराकडे जायची वाट त्या बाकावरूनच होती. म्हातारीने त्याच्या पँटकडे पाहिलं, मग आपल्या ताटात पाहिलं. एरवी जिभेला हाड नसलेल्या तिला आज एक शब्द सुचला नाही. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर शिंप्याला बरं वाटलं असतं. ड्रायव्हर अर्धवट उठला. "काका, अहो..." एवढंच त्याच्या तोंडून आलं.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. कमरेपर्यंत चिखल, कडेवर तान्हं मूल. ती जागा शोधत भिरभिरत होती. शिंप्याने बाजूला होऊन तिला वाट दिली. गरम खोका छातीशी धरून तो दाराशी पोचला, तेव्हा बाक सरकल्याचा आवाज आला आणि त्यामागून ड्रायव्हरचा.

"या ताई, इथे या. ही जागा रिकामीच आहे."