अर्धा इंच

टेस्टरवर पुन्हा ‘फेल’ उमटलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. सकाळपासून शिडीवर चढउतार करून पायांचे तुकडे पडलेले, त्यात वडिलांनी जोडलेला हाही नेटवर्क पॉइंट नापास. तिने भिंतीतलं सॉकेट उघडलं. तारांच्या जोड्यांचा पीळ दोन बोटं सुटलेला. “बाबा, अर्ध्या इंचापुढे पीळ सोडायचा नाही, सिग्नल बिघडतो, हे तुम्हीच रट्टे देऊन शिकवलंत ना?” “चालतं गं. पोर्टचा लाइट लागतोय ना?” नियमापुढे सख्ख्या भावाचंही न ऐकणारा माणूस हे बोलतोय? तिचं डोकंच फिरलं. “करा बरं माझ्यासमोर.” त्यांनी केबल सोलली, पीळ लांबवर उलगडला आणि एकेक तार खिडकीच्या उजेडात धरून डोळे किलकिले केले. शेवटी एक तार पुढे करत हळूच विचारलं, “हिरवीच ना गं ही?” “हो, बाबा,” म्हणत तिने ती तपकिरी तार हातात घेतली.