पहिलं प्रेसिंग

कल्याणच्या भंगारवाल्याकडे जुन्या रॉक रेकॉर्डचा अख्खा ढीग आला होता. दिपेशने त्यातली एक हावरटासारखी उचलली आणि लेबलजवळ कोरलेल्या नंबराचा फोटो रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. "प्रफुल्लदा, पहिलं प्रेसिंगच ना हे? अगदी पहिल्या खेपेला निघालेली रेकॉर्ड?"

वर्तकनगरचे प्रफुल्लदा म्हणजे नंबर बघून मिनिटात निकाल देणारा माणूस. पण दोन दिवस झाले तरी त्यांचं उत्तर नाही.

"जळले वाटतं दादा!" कुणीतरी लिहिलं. दिपेशनेही हसणारा इमोजी टाकला.

शेवटी कंटाळून त्याने रेकॉर्ड लावली. धूळ उडवायला रिकामं कव्हर झटकलं, तशी आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी खाली पडली.


'मी जिवंत असेपर्यंत ही कुणी विकायची नाही. – प्रफुल्ल, वर्तकनगर.'