मामाचा मान

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं,” मंडपातून भटजींनी हाक दिली. माझी अडतीस वर्षांची वृंदा शालू नेसून उभी होती. तिने पटकन खोलीची कडी लावली.

“आई, त्याचा हात लागला तर मी लग्न मोडीन.”

“अगं, मामाचा मान असतो तो. लोक काय म्हणतील?”

“सात वर्षांची असताना तुला सगळं सांगितलं होतं. तेव्हाही हेच म्हणालीस.”

खरं होतं. मे महिन्यात आजोळी नको म्हणून ती रडली होती. मामा माळ्यावर नेऊन काय करतो, ते तिने तिच्या शब्दांत सांगितलं होतं. मी तिला दटावलं आणि पुन्हा एसटीत बसवून दिलं. पुढे ती दिवा लावून झोपू लागली. पाठीमागून कुणी आलं की किंचाळायची. ठरलेली दोन लग्नं तिने मोडली. आम्ही म्हणायचो, पोरगी तिरसट आहे.

दाराबाहेरून भाऊ हसत म्हणाला, “अक्के, भाची रुसली काय? मुहूर्त टळतोय.”

मी दार उघडलं. “माळ्यावरचं सगळं वृंदाने मला तेव्हाच सांगितलं होतं. आत्ता निघाला नाहीस, तर मंडपात सांगेन.”

त्याचं हसू विझलं. खाली मान घालून तो मागच्या दाराने निघून गेला.

मी हात पुढे केला. “चल बाळा, मी नेते.”

“नको,” वृंदा म्हणाली, आणि एकटीच मंडपाकडे चालू लागली.