ठरलेला शेवट

निर्मलाताईंनी लेकीचं जपानी चित्रकथेचं पुस्तक उघडलं आणि समोर थेट शेवटच आला. ही पुस्तकं उजवीकडून वाचतात, हे त्या विसरल्या होत्या. घर सोडून गेलेली मुलगी दारात उभी राहून म्हणत होती, "आले मी." आतून आई विचारत होती, "आलीस?"

"सगळ्या पुस्तकांत हेच! ठाऊक असलेलं काय वाचायचं?" अशी त्या लेकीची, शाल्मलीची, टर उडवायच्या.

"ठाऊक असतं, म्हणूनच वाचते गं," ती म्हणायची.

मागच्या दिवाळीत भांडून निघताना शाल्मली उंबऱ्यावर "येते" म्हणाली नाही, "जाते" म्हणाली. त्यानंतर फोनही नाही.

निर्मलाताईंनी पुस्तक फिरवून सुरुवात काढली. तिथे ती मुलगी रागारागानं बूट चढवत होती. त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा चुकीच्याच बाजूनं उघडलं आणि दाराकडे बघत मोठ्यानं वाचलं, "आलीस?"