गावबंदीचा अध्यक्ष

लॉकडाऊनमध्ये वत्सलाची आई मुरबाडला वारली. नाही, तसं काही झालंच नाही, असं वत्सलाच्या नवऱ्याने, रघूने, ठरवलं आणि माहेरचा फोन 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. दुसरा फोन वत्सलाने उचलला.

रघू आमच्या गावच्या कोरोना समितीचा अध्यक्ष. शहापूरच्या रस्त्यावर काटेरी फांद्या टाकून तो काठी घेऊन खुर्चीत बसायचा. कोंबडीवाल्याचा टेम्पो आला की फांद्या आपोआप बाजूला व्हायच्या.

वत्सला तिथेच जाऊन उभी राहिली. "अवो, आईचं तोंड बघून येते. शेजारचे स्वरूपभाऊजी गाडीवर सोडतात."

"नियम म्हंजे नियम गो. आज तुला सोडली तर उद्या सगळ्यांच्या आया मरतील."

समितीने माना डोलावल्या. वत्सलाच्याच हातचा चहा पीत होते सगळे.

तिने पदर खोचला, हात जोडले. "अध्यक्षसाहेब, बाहेरगावचं माणूस गावात ठेवायचं नाय, हा तुमचाच ठराव. मी मुरबाडची, लग्न करून इथं आलेली. तरी समितीने मला ताबडतोब गावाबाहेर काढावं, ही नम्र विनंती."