बातमी सांगा, हुरडा घ्या

कृषी महाविद्यालयाच्या जुन्या मित्रांचा हिवाळ्यातला शिरस्ता होता. शेतात आगटी पेटवायची आणि जो आपली वर्षाची बातमी सांगेल, त्याच्याच ओंजळीत गरम हुरडा पडायचा. भाजायला दरवर्षी प्रल्हादच बसे. यंदा घरातून त्याचा पाय निघत नव्हता, तरी तो आला. जिवलग सोपान आषाढातच गेला होता, आणि आज सोपानची लेक बाळंतपणात अडली होती. सकाळपासून दवाखान्यातून काहीच कळत नव्हतं.

"बस रे पल्या," मित्र म्हणाले. "सोपान्या असता तर शिव्या घातल्या असत्या तुला."

प्रल्हाद बसला. धुरानं डोळे चुरचुरत होते. खाली मान घालून तो कणसं चोळत होता, फोलपटं फुंकत होता, पुढ्यात येणाऱ्या ओंजळी भरत होता.

"गुडघा बदलला बाबा एकदाचा."

"धाकट्याचं लग्न ठरलं."

"नात झाली रे. मायलेकी सुखरूप."

"वा! मग दोन मुठी घे," म्हणत त्यानं हुरडा ओतला आणि त्याचा हात थबकला. त्या ओंजळीतलं एक बोट अर्धंच होतं. कॉलेजात असताना कडबाकुट्टीत तुटलेलं, सोपानचं.

त्यानं वर पाहिलं. समोर नुसता धूर.

"कुणाशी बोलतोयस?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोपानचा जावई रडत-हसत सांगत होता, "काका, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. पहिला फोन तुम्हालाच केला."

प्रल्हादनं वाकून आगटीभोवतीची माती चाचपली. एक दाणाही सांडला नव्हता.