रिकाम्या शाळेचा ठराव

बंद पडलेल्या शाळेची इमारत मंगल कार्यालयाला द्यावी, असं सरपंचांनी मांडताच सभेत माना डोलल्या. तेवढ्यात सदस्य हौसाक्का उठल्या.

“आधी तिथं ग्रामन्यायालय बसू द्या.”

“आक्का, लग्नं लावायची सोडून गावात भांडणं कशाला बोलावता?” सरपंचांनी विचारलं. सगळे हसले.

“भांडण गावातलंच आहे. तारखेला तेवढं सत्तर किलोमीटर जावं लागतं. गुडघ्यांपायी दोनदा साक्षीला पोचले नाही. आता चुकले, तर दावाच काढून टाकतील.”

“अनुमोदक कोण?” ग्रामसेवकानं पेन उचलून विचारलं. “नसेल तर ठराव होत नाही.”

आक्कांनी एकेक चेहरा निरखला. कोपऱ्यातल्या धाकट्या दिराचा मात्र टाळला. बांधाचा दावा त्याच्यावरच होता.

ग्रामसेवक पान उलटणार, तोच दीर खाकरला. “माझं नाव लिहा.”

“अरे, आक्का पोचल्या नाहीत तर बांध तुझाच की!” सरपंच चक्रावले.

“बांध माझाच आहे. पण वहिनी समोर असताना जिंकायचाय.”

“बघू की,” आक्का म्हणाल्या. नऊ वर्षांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या.